गाडीचा स्वभाव

डिझेलची पिकअप रस्त्याच्या कडेला थांबली आणि तिचं बॉनेट वर गेलं, की कुठून कुठून माणसं उगवतात. एरवी पत्ता विचारला तर 'पुढं विचारा' म्हणणारा माणूस अशा वेळी मोटारसायकल स्टँडला लावून मुद्दाम उतरतो. 'फिल्टर चोकअप झालाय.' 'हवा धरलीय.' 'सेल्फ बघा आधी.' ही सगळी मतं फुकट आणि न मागता मिळतात. मग गर्दीतला एखादा पोक्त गृहस्थ हात मागे बांधून इंजिनाकडे बराच वेळ बघतो आणि निकाल देतो, 'पंप गेला.' या निकालावर अपील नसतं. बाकीचे चुकचुकतात आणि पांगतात. पंप म्हणजे मोठा खर्च, आणि दुसऱ्याच्या मोठ्या खर्चाच्या आसपास फार वेळ उभं राहण्यात शहाणपण नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

खरं म्हणजे पंप बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. आळ त्याच्यावर येतो आणि चोर निघतो भलताच. कधी दबून गेलेलं वॉशर, कधी चिरलेली रबरी नळी, कधी निसटलेली वायर. माझ्या दाजींच्या पिकअपचं मात्र उलटं होतं. तिचा पंप खरोखरच निकामी होत चालला होता, हळूहळू, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि तरी त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. घरच्यांनी त्या दुखण्याची वेगळीच समजूत घालून घेतली होती. कुणी विचारलंच तर दाजी म्हणायचे, 'तिचा स्वभावच तसा आहे.'

दाजींचं गाव नारायणगावजवळ. त्या पट्ट्यातला संसार टोमॅटोवर चालतो आणि टोमॅटो पिकअपवर चालतो. वीस-वीस किलोचे क्रेट एकावर एक रचायचे, दोरखंडानं आवळायचे आणि माल एकतर नारायणगावच्या बाजारात टाकायचा, नाहीतर माळशेज घाट उतरून मुरबाड-कल्याणमार्गे वाशीला न्यायचा. पिकअपच्या काचेवर ठसठशीत अक्षरांत 'आई-वडिलांचा आशीर्वाद' लिहिलेलं आहे. कर्ज दिलेल्या पतसंस्थेचा उल्लेख कुठेच नाही, हे मला नेहमी थोडं कृतघ्नपणाचं वाटतं. पण ते असो.

तर या गाडीचा स्वभाव असा. सकाळी गार असताना किल्ली फिरवायचा अवकाश, एका सेल्फमध्ये चालू. दिवसभर पळेल, घाट चढेल, कुरकुर नाही. पण दुपारी इंजिन चांगलं तापलेलं असताना बंद केलंत, की पुन्हा चालू व्हायचं नाव नाही. बॅटरी ठणठणीत, सेल्फ गरगर फिरतो, इंजिनही फिरतं, पण पेटत नाही. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, ऊन कलू द्या, मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू.

माणूस सवयीचा गुलाम, असं म्हणतात. इथे एका गाडीच्या सवयीचं सगळं घर गुलाम झालं होतं. आळेफाट्याला चहाला थांबलं तरी इंजिन बंद करायचं नाही, हा पहिला नियम. डिझेल भरताना इंजिन बंद करावंच लागतं, म्हणून डिझेल भरायचं ते पहाटे, घरातून निघाल्या निघाल्या. गाडी लावायची ती उतार बघून, म्हणजे वेळ पडलीच तर ढकलून गिअरमध्ये टाकता येते. सपाट मैदानातलं मंगल कार्यालय दाजींना त्यामुळे मुळातच पसंत नसायचं. एका पुतण्याच्या लग्नात तर वरातीचं सामान आणलेली ही पिकअप मांडवाबाहेर चालूच ठेवलेली होती. मंगलाष्टकं आत चालली होती आणि प्रत्येक 'सावधान'च्या आधी बाहेरून डिझेल इंजिनाची धडधड ऐकू येत होती. लग्नाच्या व्हिडिओत ती अजून आहे.

आणि या सगळ्यावरचा रामबाण उपाय म्हणजे ओलं पोतं. ड्रायव्हरच्या सीटमागे एक गोणपाट आणि पाण्याची बाटली कायम असे. त्या बाटलीतलं पाणी माणसांनी प्यायचं नाही अशी ताकीद होती. गाडी अडून बसली की बॉनेट उघडायचं, गोणपाट भिजवून इंजिनाच्या कुशीतल्या त्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर गुंडाळायचं, एक विडी ओढून होईस्तोवर थांबायचं आणि सेल्फ मारायचा. गाडी चालू. 'ऊन बाधतं तिला,' असं ड्रायव्हरचं मत होतं. ताईनं एकदा मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढली होती. तो ॲल्युमिनियमचा ठोकळा म्हणजेच डिझेल पंप, आणि रोज पोतं नेमकं त्याच्यावरच पडतं आहे, यातून कुणालाच काही सुचलं नाही. उपाय लागू पडला की कारण शोधायच्या भानगडीत आपल्याकडे सहसा कुणी पडत नाही.

आता हा पंप करतो तरी काय? पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडायला प्लग असतो. डिझेलला प्लग नाही, ठिणगी नाही. सिलिंडरमधली हवा पिस्टन दाबत दाबत सुमारे अठराव्या-विसाव्या हिश्श्यात कोंबतो. तेवढ्या दाबानं हवा पाचशे अंशांच्या पुढे तापते, आणि नेमक्या त्या क्षणी तिच्यात डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. हा फवारा सोडायची जबाबदारी पंपाची. लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्याचं काम आणि पंपाचं काम एकच: वेळेवर, बेतानं आणि कुणाला न विसरता वाढणं. फरक एवढाच की चार सिलिंडरांच्या या पंगतीत वाढायचा क्रम एक, तीन, चार, दोन असा असतो. माणसांच्या पंगतीत कुणी असं वाढलं तर दुसऱ्या पानावरचे पाहुणे उठून जातील. इंजिनाला मात्र तोच क्रम मानवतो.

आणि वाढायचं किती? हिशेब करून पाहण्यासारखा आहे. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल आणि तासाला 4 लिटर डिझेल पीत असेल, तर चार सिलिंडरांत मिळून मिनिटाला 4000 फवारे जातात. भागाकार केला तर एका फवाऱ्याच्या वाट्याला येतं डिझेलच्या एका थेंबाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतकं. ते सुद्धा पिकअपच्या मागच्या टायरात असतो त्याच्या निदान चाळीस-पन्नासपट दाबानं ढकलायचं. एवढा दाब कोंडून धरायचा तर आतल्या दांड्यात आणि तो ज्या भोकात फिरतो त्या भोकात फट ठेवायची दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे दाजींनी माझ्यासमोर त्या इंजिनावर झटकलेल्या उपरण्यातली धूळ पंपाच्या हिशेबी दगड-धोंडेच.

ज्याच्या नावानं हे इंजिन चालतं त्या रुडॉल्फ डिझेलला हा पंप काही लाभला नाही. 1858 मध्ये पॅरिसमध्ये जन्मलेल्या या जर्मन इंजिनिअरनं 1897 साली ऑग्सबुर्गच्या कारखान्यात आपलं इंजिन चालवून दाखवलं, पण त्यात डिझेल आत फुंकायला दाबलेली हवा लागायची आणि ती हवा दाबायला वेगळा भलामोठा कॉम्प्रेसर. असं धूड जहाजात बसेल, गिरणीत बसेल, पण गाडीत कुठून बसणार? 1913 च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून डिझेल रात्रीतून नाहीसा झाला आणि पुढे समुद्रात त्याचा मृतदेह सापडला. नेमकं काय घडलं याचा वाद अजून मिटलेला नाही. नंतर 1922 मध्ये श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशनं डिझेलसाठी छोटा, नेटका पंप तयार करायचं मनावर घेतलं आणि 1927 पासून तो पंप कारखान्यातून बाहेर पडू लागला. डिझेल इंजिन ट्रकमध्ये आणि पुढे शेताच्या बांधापर्यंत येऊ शकलं ते त्या पंपामुळे.

आपल्याकडे ही विद्या आली 'मायको'च्या रूपानं. 1951 साली बंगळुरूत कंपनी निघाली, मग नाशिकला कारखाना झाला आणि डिझेलचा फवारा उडवणारं नोझल घडवणाऱ्या हातांची एक पिढी तिथे तयार झाली. 2008 मध्ये कंपनीचं नाव बदलून बॉश झालं. पण नाशिकचा रिक्षावाला आजही तुम्हाला मायको सर्कललाच सोडतो, आणि जुने मिस्त्री अजूनही पंपाला सरसकट 'मायको'च म्हणतात.

शेवटी दाजींच्या पिकअपला मिस्त्रीकडे न्यायचा योग आला तो तिच्या तब्येतीमुळे नव्हे, टोमॅटोच्या भावामुळे. वाशीला रांगेत गाडी चालू ठेवून ठेवून जे डिझेल जळत होतं त्याचा हिशेब त्या हंगामात पहिल्यांदाच ताईनं लिहून काढला. वहीचं ते पान तिनं दाजींच्या ताटाशेजारी ठेवलं. दुसऱ्या दिवशी गाडी पंपवाल्याच्या दारात होती. भाच्याला सुट्टी नव्हती म्हणून सोबतीला मी.

पंपवाला मिस्त्री हा साध्या गॅरेजवाल्यापेक्षा वेगळ्या पंथाचा माणूस. गॅरेजवाला ग्रीसमध्ये राहतो, पंपवाल्याला धुळीचं वावडं. हायवेला लागून असलेल्या त्या गाळ्याच्या मागच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागल्या. आत काचेचं कपाट, स्टीलच्या ट्रेमध्ये डिझेलात बुडवून ठेवलेले बारीक भाग, आणि भिंतीला टेकून टेस्टिंग मशीन. त्यावर पंप चढवला की खालच्या काचेच्या नळ्यांत प्रत्येक नळीत किती डिझेल पडलं ते दिसतं. चारही नळ्यांतली पातळी सारखी आली पाहिजे. पुसायला कॉटन वेस्ट नाही, कारण त्याचे धागे सुटतात. मालकाला सगळे चाचा म्हणत. चष्मा नाकावर, बोलणं मोजकं.

'काय त्रास आहे?' चाचांनी विचारलं.

'त्रास असा काही नाही चाचा,' दाजी म्हणाले. 'स्वभाव आहे तिचा. तापली की रुसते.'

'कधीपासून?'

दाजींनी आठवून सांगितलं, 'आमची धाकटी दहावीला होती ना, त्या उन्हाळ्यापासून.'

'आता काय करते लेक?'

'नर्स आहे. पुण्याला.'

चाचांनी चष्म्यावरून दाजींकडे पाहिलं. लेकीचं कौतुक आणि गाडीची कीव, दोन्ही त्या एका नजरेत होतं.

मला वाटलं होतं, आता लगेच पंप उतरवतील. चाचांनी पंपाला हातही लावला नाही. आधी टाकीचं झाकण उघडून वास घेतला. मग फिल्टरच्या तळाचा बोल्ट सैल करून खाली पांढरी काचेची बरणी धरली. डिझेलच्या खाली बोटभर पाणी जमा झालं. त्यांनी ती बरणी काही न बोलता दाजींच्या हातात दिली. मग पंपाकडे येणाऱ्या नळीच्या जागी एक पारदर्शक नळी जोडली आणि इंजिन चालू करून तिच्यातून बुडबुडे जातात का ते पाहिलं. नव्हते. म्हणजे हवा धरलेली नव्हती. पंपावरच्या सोलेनॉइडची वायर काढून पुन्हा टेकवली. 'टिक' असा बारीक आवाज आला. किल्ली चालू केली की डिझेलची वाट उघडणारा तो छोटासा दरवाजा. 'हा टिक न वाजल्यामुळे किती चांगले पंप लोकांनी उतरवलेत,' चाचा म्हणाले, 'आणि वायर होती पाच रुपयांची.'

मग गाडी दाजींना हायवेवरून हिंडवून आणायला सांगितली. परत आल्यावर चाचा म्हणाले, 'बंद करा.'

दाजींचा हात किल्लीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. इतक्या वर्षांत भर दुपारी, सपाट जागेवर, आपण होऊन त्यांनी गाडी कधी बंद केली नव्हती.

'करा हो, मी आहे ना.'

गाडी बंद झाली आणि अर्थातच पुन्हा चालू होईना. चाचांनी ओला कपडा पंपावर धरला, सेल्फ मारायला सांगितला, गाडी चालू. दाजींच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. 'हेच. हेच आम्ही करतो.'

'हेच करता म्हणून इथवर आलात,' चाचा म्हणाले. 'हेड-रोटर, म्हणजे आतला दांडा आणि त्याचं भोक, झिजलाय. गार असताना डिझेल जरा दाट असतं, फटीत धरून राहतं. तापलं की पातळ होतं. सेल्फवर इंजिन हळू फिरतं, तेवढ्यात दाब तयार व्हायच्या आधीच फटीतून मागे पळतं. फवारा उडतच नाही. तुम्ही पोतं टाकता, पंप गार होतो, पुन्हा धरतो. याला स्वभाव नाही म्हणत, झीज म्हणतात. आणि तापलेल्या पंपावर असंच गार पाणी ओतत राहिलात तर एखाद्या दिवशी रोटर आतल्या आत आवळून बसेल. मग पोतं टाका, नाहीतर गंगाजळ टाका.'

या जातीच्या रोटरी पंपात वंगण म्हणून वेगळं ऑइल नसतं. डिझेलच आतल्या भागांना वंगण घालतं. डिझेलात पाणी आलं की वंगण गेलं, गंज आला आणि झीज सुरू झाली. पाणी आलं कुठून? टाकी कायम तळाला ठेवली की रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ रात्री गार होऊन आत उतरते. हंगामात घाईच्या वेळी घरी कॅनमधून, न गाळता डिझेल ओतलं जातं. आणि फिल्टर? फिल्टर शेवटचा कधी बदलला, यावर दाजी आणि ड्रायव्हर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

पुढचा प्रश्न पैशाचा. दाजी कुठलीही रक्कम रुपयांत मोजत नाहीत, क्रेटमध्ये मोजतात. चाचांनी दोन वाटा सांगितल्या. याच पंपाला नवा हेड-रोटर टाकायचा, पण पाण्यानं आतलं अंगही गंजलंय, तेव्हा खर्च करून भरवसा कमी. नाहीतर जुना पंप देऊन, वर पैसे घालून, मशीनवर बसवून तपासलेला पंप घ्यायचा. दाजींनी मनातल्या मनात भागाकार केला. क्रेटचा हिशेब करणाऱ्याची पंचाईत अशी, की वस्तूची किंमत रोज बदलते. 2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरी ओलांडून गेला होता तेव्हा हाच पंप अगदी मातीमोल वाटला असता. तेव्हा मात्र गाडीला नवे टायर, नवी ताडपत्री आणि नवं संगीत मिळालं होतं. भाव पडून लोक टोमॅटो रस्त्याकडेला ओततात त्या दिवसांत पंपाची किंमत म्हणजे अख्खं शिवार. सुदैवानं भाव मधला होता. 'टाका बदलून,' दाजी म्हणाले.

पंप बदलणं हे काम ऐकायला चार नटांचं आणि करायला धीराचं. चाचांच्या हाताखालच्या पोरानं आधी पंप आणि त्याच्या आसपासचा भाग डिझेलनं धुऊन काढला, कारण नळ्या सोडवताना बाहेरची माती आत गेली तर नवा पंपही पहिल्याच दिवशी जुना. मग नोझलकडे जाणाऱ्या चार स्टीलच्या पाइपा सोडल्या, आणि प्रत्येक उघड्या तोंडावर लगेच टोपी. इंजिन हातानं फिरवून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन टॉपला आणला, खुणा जुळवल्या. पंपाच्या शाफ्टवर गिअर बसतो तिथे अर्धचंद्राच्या आकाराची नखाएवढी चावी असते. गिअर पुलरनं सोडवताना ती निसटून टायमिंगच्या खोक्यात पडली तर पुढचं सगळं खोलावं लागतं. पोरानं शाफ्टखाली फडकं कोंबलं, जीभ दाताखाली धरली आणि दोन बोटांच्या चिमटीत ती चावी अलगद उचलली. ती वाटीत टाकल्याचा 'टण्' असा आवाज झाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. माझा तर त्या चावीशी काही संबंधही नव्हता.

नवा पंप चढवल्यावर चाचा स्वतः पुढे झाले. पंपाच्या मागच्या प्लगच्या जागी डायल गेज लावलं आणि घड्याळाच्या काट्याकडे बघत पंपाचं अंग केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवलं. फवारा जरा लवकर पडला तर इंजिन ठोकतं, उशिरा पडला तर धूर मारतं आणि ओढत नाही. काही मिस्त्री जुन्या पंपावर छन्नीनं मारलेल्या खुणेवर नवा पंप बसवतात आणि कानानं टायमिंग लावतात. ते जमतंही. 'कान माझाही चांगला आहे,' चाचा म्हणाले, 'पण कानाला वय होतं. काट्याला नाही.' जोडण्यांत तांब्याची नवी वॉशरं पडली. जुनी वॉशरं उलटी करून टाकू का, असं दाजींनी सवयीनं विचारलं. त्याला उत्तर मिळालं नाही.

शेवटी हवा काढणं. फिल्टरवरचा हातपंप दाबत राहायचं. आधी नुसती फुसफुस, मग फेस, मग फेसात अधूनमधून डिझेल, आणि मग बुडबुड्याशिवायची स्वच्छ धार. त्यानंतर नोझलजवळचे नट सैल ठेवून सेल्फ मारायचा आणि डिझेल उडालं की एकेक आवळायचा. पहिला सिलिंडर पेटला, गाडीनं एक उचकी दिली. मग दुसरा. पांढऱ्या धुराचा एक लोट निघाला, इंजिन अडखळलं, सावरलं आणि एकसुरात चालू लागलं. चाचांनी गाडी तापू दिली. मग दाजींकडे न बघता त्यांनी स्वतःच किल्ली बंद केली, दहापर्यंत मोजलं आणि फिरवली. गाडी चालू. त्यांनी पुन्हा बंद केली, पुन्हा चालू केली. दाजी ते ज्या नजरेनं पाहत होते, ती नजर मी त्यांच्या लेकीच्या निकालाच्या दिवशीही पाहिली नव्हती.

चहा आला. मी चाचांना नव्या गाड्यांबद्दल विचारलं. गाड्यांच्या धुरावरचं बीएस-सिक्स मानक 1 एप्रिल 2020 पासून देशभर लागू झालं. डिझेलातलं गंधक दहा लाख भागांत 50 भाग होतं ते 10 भागांवर आलं. हवेसाठी चांगलंच. पण गंधक काढायच्या प्रक्रियेत डिझेलचा मूळचा ओशटपणाही बराच जातो, म्हणून वंगणासाठी त्यात वेगळी द्रव्यं मिसळावी लागतात. पंपाचं कामही आता विभागलं गेलं आहे. कॉमन रेल गाडीत पंप एका जाड नळीत हजार-दीड हजार बार आणि त्याहूनही जास्त दाबानं डिझेल भरून ठेवतो, आणि कुणाला, कधी, किती वाढायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. तिथे इंजिन चालू असताना पाइप सैल करून हवा काढायची हिंमत करू नये. ती धार कातडी भेदून हातात शिरते आणि थेट ऑपरेशनपर्यंत पाळी येते. पंपानं आतून लोखंडाचा कीस सोडला तर तो रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये सगळीकडे जातो. मग एकटा पंप बदलून भागत नाही. इंजेक्टर बदलला की कितीतरी गाड्यांत त्याच्यावरचा नंबर स्कॅनरनं गाडीला कळवावा लागतो, तेव्हा कुठे गाडी त्याला नीट ओळखते.

'मग तुमचा धंदा अवघड झाला,' मी म्हणालो.

'धंदा तोच आहे,' चाचा म्हणाले. 'पाणी, कचरा आणि आळस. पूर्वीही पंप यांनीच खाल्ले, आताही हेच खातात. फक्त आता बिल मोठं येतं.'

परतीच्या वाटेवर दाजींनी आळेफाट्याला चहाला गाडी थांबवली आणि बंद केली. चहाचा एकेक घोट घेताना ते मागे वळून गाडीकडे पाहत होते. पुन्हा चालू होईल याची खात्री होती, पण खात्रीचीही सवय व्हायला वेळ लागतो. गोणपाट अजून सीटमागे आहे, मात्र आता ते क्रेटखाली अंथरायला वापरतात. ताईनं डिझेलच्या हिशेबाची वही पुढे चालू ठेवली आहे आणि दाजींच्या मते ते मात्र अनावश्यक आहे.

मी तेव्हापासून घरातल्या इतर 'स्वभावां'कडेही जरा संशयानं बघायला लागलो आहे. आमचा फ्रिज रात्री कण्हतो, तो त्याचा स्वभाव. स्वयंपाकघरातला नळ घट्ट बंद करूनही टपटपतो, तोही स्वभाव. माझा स्वतःचा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, त्यालाही मी आजवर स्वभावच समजत होतो. स्वभावाला औषध नाही, ही म्हण आपल्याला फार सोयीची पडते, कारण एकदा स्वभाव ठरवला की दवाखान्याचा खर्च वाचतो. यांतल्या निम्म्याअधिक गोष्टी साधी झीज असतात आणि वेळेवर दाखवल्या तर त्यांना चांगलं औषध असतं, असं माझं आता स्पष्ट मत झालं आहे.

तेव्हा तुमच्याकडे डिझेलची गाडी असेल तर एवढं करा. फिल्टर वेळेवर बदला आणि चांगला टाका. त्याच्या तळाशी साचलेलं पाणी अधूनमधून, निदान पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, काढत चला. टाकी तळाला लागेपर्यंत वाट पाहू नका आणि कॅनमधलं डिझेल गाळल्याशिवाय ओतू नका. आणि गाडीचा स्वभाव बदलला असं वाटलं तर दृष्ट जरूर काढा, पण आधी मिस्त्रीला दाखवा.